नैराश्याचे मूळ : विचारांत की परिस्थितीत?

ब्रिटनचे तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मार्च २०१५ च्या अंदाजपत्रकात एक लहानशी, सहसा कोणाच्या नजरेत न भरणारी तरतूद केली होती. ३५० हून अधिक सरकारी रोजगार केंद्रांत मानसोपचारक नेमावयाचे आणि सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या सुमारे ४०,००० बेकार व आजारी माणसांना संगणकाच्या पडद्यावरून ‘बोधनिक वर्तनोपचार’ द्यावयाचे, अशी ती योजना. हेतू वरवर पाहता परोपकारी होता. परंतु ज्या सरकारने पाच वर्षे समाजकल्याणाच्या खर्चाला कात्री लावली, त्याच सरकारने कात्रीखाली सापडलेल्यांच्या मनाची मशागत करावयास निघावे, यातली विसंगती लपणारी नव्हती. चारशेहून अधिक मानसोपचारक व समुपदेशकांनी वृत्तपत्रात पत्र लिहून तिचा निषेध केला. जूनमध्ये दक्षिण लंडनमधील स्ट्रेथॅम येथील रोजगार केंद्रावर रुग्ण व उपचारक यांनी एकत्र निदर्शने केली. बेकारी हा आजार नव्हे, हा त्या निदर्शकांच्या म्हणण्याचा सारांश होता.

या घटनेत जो प्रश्न दडलेला आहे तो एका देशापुरता नाही. माणसाचे मन खचते ते कशामुळे? ‘परिस्थितीमुळे’, असे उत्तर चळवळीतील कार्यकर्ता क्षणाचाही विलंब न लावता देईल. ‘परिस्थितीकडे पाहण्याच्या सदोष पद्धतीमुळे’, असे उत्तर मानसशास्त्रातील एक प्रबळ संप्रदाय गेली साठ वर्षे देत आला आहे. दोन्ही उत्तरे तपासून घेतली पाहिजेत, आणि तपासणीचा आरंभ प्रतिपक्षापासून करणे न्यायाचे होईल. कारण त्या पक्षाचे म्हणणे समजून न घेताच त्याला भांडवलशाहीचे अपत्य ठरवून मोकळे होण्याची घाई पुष्कळदा केली जाते.

बेक यांची मांडणी

या संप्रदायाचे एक प्रमुख प्रवर्तक अ‍ॅरन बेक (१९२१-२०२१) हे अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, रशियन साम्राज्यातून आलेल्या एका ज्यू निर्वासित कुटुंबात जन्मले. वडील मुद्रणाच्या धंद्यातले आणि विचाराने समाजवादी. बेक यांचे स्वतःचे शिक्षण मात्र फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाच्या परंपरेत झाले. दुसऱ्याविषयीचा सुप्त क्रोध स्वतःवर उलटला की खिन्नता उत्पन्न होते, असा त्या परंपरेचा सिद्धान्त. तो प्रयोगाने सिद्ध करावा म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेक यांनी खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णांची स्वप्ने अभ्यासली. त्यांत क्रोध सापडला नाही. सापडल्या त्या पराभवाच्या, नाकारले जाण्याच्या आणि काहीतरी हातचे गेल्याच्या कल्पना. जागेपणीही हे रुग्ण स्वतःविषयी तसेच बोलत होते. तेव्हा या बोलण्यामागे आणखी काही गूढ शोधण्याऐवजी ते बोलणेच गंभीरपणे का घेऊ नये, असा विचार बेक यांनी केला आणि गुरुपरंपरेचा सिद्धान्त बाजूला ठेवला. पुरावा विरोधात गेल्यावर मत बदलण्याचे हे धैर्य कोणत्याही पंथाच्या अनुयायाने अनुकरणीय मानावे असे आहे.

१९६७ च्या ग्रंथात आणि पुढे १९७९ मध्ये तीन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या उपचारग्रंथात बेक यांनी जी उपपत्ती मांडली, ती थोडक्यात अशी. नैराश्यग्रस्त माणसाचा तीन गोष्टींविषयीचा दृष्टिकोन काळवंडलेला असतो : स्वतःविषयी (‘मी नालायक आहे’), जगाविषयी (‘कोणालाही माझी किंमत नाही’) आणि भविष्याविषयी (‘यात कधीही बदल होणार नाही’). या त्रयीचे मूळ बालपणापासून मनात घट्ट झालेल्या काही साच्यांत असते. एरवी हे साचे सुप्त असतात. एखादा आघात झाला की ते जागे होतात आणि मग समोर येणारी प्रत्येक घटना त्या साच्यातूनच ओतली जाते. त्यातून उमटणारे विचार इतके आपोआप येतात की ते विचार आहेत, वस्तुस्थिती नव्हे, याचे भान माणसाला राहत नाही.

अशा विचारांतील तर्कदोषांची बेक यांनी यादीच दिली आहे. चळवळीतील अनुभवावर ती ताडून पाहण्यासारखी आहे. सभेला दोनशे माणसे आली आणि दहा ठरलेली आली नाहीत, तर खिन्न कार्यकर्त्याला ती दहाच दिसतात. हे झाले निवडक अवलोकन. एक संप फसला म्हणून ‘कामगार कधीच उभा राहणार नाही’ असे म्हणणे, हा अतिव्याप्तीचा दोष. सहकारी रस्त्यात न बोलता निघून गेला की ‘तो रागावला आहे’ असे ठरवणे, हे आधाराविना काढलेले अनुमान. शाखा मोडली ती केवळ स्वतःच्या नाकर्तेपणामुळे असे मानणे, हे सारे स्वतःवर ओढून घेणे. या यादीत स्वतःचे प्रतिबिंब पाहून चमकणारे कार्यकर्ते थोडे निघणार नाहीत.

उपचारही या निदानाला धरूनच आहेत. उपचारक रुग्णाला उपदेश करीत नाही. रुग्णाचा विचार हे एक गृहीतक मानून दोघे मिळून त्याचा पुरावा तपासतात. दिवसभर काय केले, कोणत्या क्षणी कोणता विचार आला, त्याला आधार कोणता, त्याच घटनेचा दुसरा अर्थ संभवतो काय, हे रुग्ण स्वतः लिहून काढतो. मनोविश्लेषणात वैद्य सर्वज्ञ आणि रुग्ण अज्ञानी असे. येथे दोघे सहसंशोधक होतात. उपचाराच्या या लोकशाहीकरणाचे श्रेय बेक यांना दिलेच पाहिजे.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचाराची उभारणी केली होती. घटना, घटनेविषयीची श्रद्धा आणि परिणाम अशी त्यांची त्रिपदी. घटना परस्पर परिणाम घडवीत नाही, मधली अविवेकी श्रद्धा तो घडविते, असे तिचे सूत्र. महाराष्ट्राला हा विचार मुंबईचे कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे व प्रशिक्षणकार्यामुळे परिचित झाला, आणि विवेकवादाची परंपरा असलेल्या या प्रदेशात तो सहज रुजला. एलिस आपल्या विचाराचे मूळ प्राचीन स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याच्याकडे नेत. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम होता, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते. ज्याच्या हाती स्वतःचे शरीरही नाही त्याने ‘मन तरी माझे आहे’ असे म्हणावे, यात मोठेपणा आहे. परंतु तेच वचन मालकाच्या तोंडी गेले की त्याचा अर्थ पालटतो.

असहायतेचे प्रयोग

पेनसिल्व्हेनियातच १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग या विचाराचा दुसरा आधारस्तंभ ठरले. एका गटातील कुत्र्यांना विजेचे धक्के बसत, पण डोक्याने फळी दाबून ते थांबवता येत. दुसऱ्या गटाला नेमके तेवढेच धक्के बसत, पण त्यांच्या कोणत्याही हालचालीने ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला धक्केच नव्हते. दुसऱ्या दिवशी या सर्वांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका अडसर ओलांडताच धक्क्यापासून सुटका व्हावी. पहिल्या व तिसऱ्या गटातील कुत्रे लवकरच उडी मारावयास शिकले. दुसऱ्या गटातील सुमारे दोन तृतीयांश कुत्रे मात्र जागीच पडून धक्के सोशीत राहिले. वेदना दोन्ही गटांच्या वाट्याला सारखीच आली होती; फरक होता तो वेदनेवर सत्ता असण्या-नसण्याचा. केलेल्या कृतीने काहीच बदलत नाही हा धडा ते शिकले होते, असे संशोधकांनी म्हटले. ‘शिकलेली असहायता’ हा शब्दप्रयोग येथून रूढ झाला.

माणसाच्या बाबतीत हे जसेच्या तसे लागू पडेना, कारण त्याच आपत्तीत एक माणूस खचतो आणि दुसरा खचत नाही. म्हणून १९७८ मध्ये लिन अब्रॅमसन, सेलिगमन व जॉन टीसडेल यांनी सिद्धान्तात दुरुस्ती केली. अपयशाचे कारण माणूस स्वतःत शोधतो की बाहेर, ते कायमचे मानतो की तात्पुरते, आयुष्याच्या सर्व अंगांना व्यापणारे मानतो की एका बाबीपुरते, यावर नैराश्याची खोली अवलंबून असते, असे त्यांनी प्रतिपादिले. ‘मीच कमी आहे, नेहमीच कमी होतो आणि सगळ्यातच कमी आहे’ असे म्हणणाऱ्याला सर्वाधिक धोका.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हती. अमेरिकेतील टेंपल व विस्कॉन्सिन विद्यापीठांत प्रवेश घेतलेल्या, त्या वेळी नैराश्य नसलेल्या विद्यार्थ्यांचा पुढे अनेक महिने माग ठेवला गेला. ज्यांची विचारपद्धती आरंभीच नकारात्मक होती त्यांना पुढे नैराश्य येण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने कित्येक पटींनी अधिक आढळले. उपचारांची परीक्षाही विपुल झाली आहे. २०२३ मध्ये ४०९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार बोधनिक उपचार निश्चितपणे गुणकारी आहेत, अल्पकाळात औषधांच्या तोडीचे आणि सहा महिने ते वर्षाच्या अवधीत औषधांपेक्षा काहीसे सरस आहेत. अन्य संवादोपचारांहून ते फार श्रेष्ठ असल्याचे मात्र दिसत नाही. म्हणजे, ही पद्धती थोतांड आहे असे म्हणणाऱ्याने पुरावा पाहिलेला नाही.

कारण की लक्षण?

येथवर मान्य केल्यावर आक्षेपांकडे वळता येते. पहिला आक्षेप शास्त्राच्या पोटातूनच आला. काळे विचार हे नैराश्याचे कारण, की ताप चढल्यावर अंग दुखावे तसे त्याचे लक्षण? १९८४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, केवळ औषधे घेतलेल्या रुग्णांचे विचारही बोधनिक उपचार घेतलेल्यांच्या विचारांइतकेच सुधारले. विचारांना हात न लावताही विचार बदलत असतील, तर विचार हेच आदिकारण असे म्हणणे अवघड होते. १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी सिएटल येथे उपचाराचे घटक सुटे करून पाहिले. रुग्णाला केवळ पुन्हा कामाला, लोकांत, नित्यक्रमात आणण्याचा भाग एका गटाला दिला. विचारांची तपासणी मुळीच केली नाही. संपूर्ण उपचार घेतलेल्या गटाइतकाच लाभ या गटालाही झाला. कृती बदलली की विचार तिच्या मागून येतात, असा याचा अर्थ निघू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नैराश्यग्रस्ताचा विचार चुकीचाच असतो हे कशावरून? लॉरेन अ‍ॅलॉय व अब्रॅमसन यांनी १९७९ मध्ये विद्यार्थ्यांना कळ दाबून दिवा लावावयास सांगितले. दिव्यावर त्यांची सत्ता किती हे प्रयोगकर्त्यांनीच ठरवलेले होते. खिन्न विद्यार्थ्यांचा अंदाज बरोबर आला. आनंदी विद्यार्थ्यांनी नसलेली सत्ता स्वतःकडे असल्याचे मानले. ‘खिन्न तेच शहाणे’ असा निष्कर्ष यावरून पुष्कळांनी उत्साहाने काढला. चळवळीतही तो लोकप्रिय झाला असता. परंतु २०२२ मध्ये मोठ्या नमुन्यावर हा प्रयोग पुन्हा केला असता तो परिणाम आढळला नाही. तेव्हा या मुद्द्यावर इमारत उभारण्यात अर्थ नाही. सोयीचा पुरावाही गैरसोयीच्या पुराव्याइतक्याच काटेकोरपणे तपासला पाहिजे.

आक्षेप उभा राहतो तो प्रयोगशाळेबाहेरच्या पुराव्यावर. ज्या दक्षिण लंडनमध्ये २०१५ ची निदर्शने झाली, तेथीलच कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी ४५८ स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९७८ मध्ये नैराश्याच्या सामाजिक उगमावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नैराश्याच्या आधी बहुतेक वेळा एखादा गंभीर आघात किंवा दीर्घकाळ चाललेली विवंचना होती. मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांत कामगार वर्गातील स्त्रियांना नैराश्याने गाठण्याचे प्रमाण मध्यमवर्गीय स्त्रियांच्या कितीतरी पट होते. आघात सर्वांवर होतात. त्याखाली कोण मोडते हे चार गोष्टींवर अवलंबून होते : मन मोकळे करावे असे जवळचे माणूस नसणे, चौदा वर्षांखालील तीन वा अधिक मुले घरात असणे, अकरा वर्षांच्या आत आई गमावलेली असणे, आणि घराबाहेर पगाराचे काम नसणे. या चारांपैकी एकही गोष्ट तर्कदोष नव्हे. विशेष असे की ब्राउन व हॅरिस यांनी विचारांचे महत्त्व नाकारले नाही. आघातातून उपजलेली निराशा सर्व आयुष्यावर पसरते ती स्वतःचे मोल आधीच कमी वाटत असेल तर, असेच त्यांचेही म्हणणे होते. पण ते मोल कमी वाटण्याची कारणे त्यांनी घरात, वस्तीत आणि वर्गात शोधली.

मारिएन्टालचा धडा

याहूनही जुने आणि चळवळीच्या अधिक जवळचे उदाहरण ऑस्ट्रियातील मारिएन्टाल गावाचे आहे. पॉल लाझार्सफेल्ड यांना फावल्या वेळाच्या उपयोगाचा अभ्यास करावयाचा होता. बेकारीच्या दिवसांत फावल्या वेळाचा अभ्यास कसला करता, बेकारीचाच करा, असे त्यांना ऑस्ट्रियन समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी सुचवले. त्यानुसार मारी याहोडा, लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी, कापडगिरणी बंद पडून सारे गाव बेकार झाल्यावर, १९३१-३२ मध्ये हा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

गाव मोठे जागृत होते. वाचनालय, नाट्यमंडळ, पक्षशाखा सारे काही होते. अपेक्षा अशी होती की सक्तीची का होईना, सवड मिळाल्यावर कामगार वाचतील, चर्चा करतील, संघटित होतील. प्रत्यक्षात वाचनालयाची वर्गणी रद्द केली असतानाही पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. पक्षाच्या मुखपत्राचे वर्गणीदार, बेकारांना सवलत असूनही, निम्म्याहून अधिक घटले; हलक्याफुलक्या मजकुराच्या पत्राची गळती त्यापेक्षा बरीच कमी होती. पुरुषांची रस्त्याने चालण्याची गतीदेखील मंदावली. कुटुंबांची वृत्ती संशोधकांनी चार प्रकारांत मांडली : न खचलेली, निमूट, हताश आणि उदासीन. मग त्यांनी प्रत्येक गटाचे माणशी मासिक उत्पन्न काढले. ते अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग भरले.

आशा आणि निराशा यांमधील अंतर पंधरा शिलिंगांचे होते. दारिद्र्य वाढले की माणूस आपोआप लढाऊ होतो, ही भाबडी समजूत या आकड्यांनी कायमची खोटी ठरवली आहे. विपन्नता माणसाला पेटविण्यापेक्षा विझवते अधिक. ज्या पक्षाला शोषितांच्या बळावर उभे राहावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने नैराश्य हा खासगी आजार राहत नाही. तो संघटनेच्या मार्गातील प्रत्यक्ष अडथळा ठरतो.

हा संबंध केवळ सहअस्तित्वाचा नाही, कार्यकारणाचा आहे, हेही आता दाखवता येते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने थेट रोख मदत देण्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू केली. ज्या भागांत ती पोहोचली तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्या कुटुंबांना कोणी विचार बदलावयास सांगितले नव्हते. त्यांच्या हाती पैसा आला, एवढेच. उलट दिशेनेही संबंध आहे : नैराश्य माणसाची काम करण्याची, शोधण्याची, निर्णय घेण्याची शक्ती हिरावून घेते आणि त्याला दारिद्र्यात अधिक खोल लोटते. दारिद्र्य आणि नैराश्य ही एकमेकांना फिरवणारी दोन चाके आहेत.

सिद्धान्ताचा राजकीय उपयोग

यावरून बोधनिक मीमांसेचे योग्य स्थान निश्चित करता येते. आघात मनात कसा शिरतो आणि तेथे मुक्काम कसा ठोकतो, याचे वर्णन ती उत्तम करते. आघात कोठून आला, कोणावर अधिक वेळा येतो आणि का येतो, यावर ती मौन पाळते. हे मौन शास्त्राचा गुन्हा नव्हे. प्रत्येक शास्त्राला मर्यादा असते. अपराध घडतो तो राज्यकर्ते त्या मौनाचा उपयोग करून घेतात तेव्हा. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयर्ड यांच्या २००६ मधील अहवालाने दहा हजार उपचारकांची मागणी केली आणि २००८ पासून लाखो लोकांना विनामूल्य मानसोपचार मिळू लागले, ही सार्वजनिक आरोग्यसेवेची मोठीच कमाई होय. परंतु ती मागणी मान्य होण्यासाठी, बरी झालेली माणसे भत्ता सोडून कामावर जातील व खर्च आपोआप भरून निघेल, असा हिशेब मांडावा लागला. सात वर्षांत त्याच हिशेबाने उपचारकाला रोजगार केंद्रात आणून बसवले. दुःखनिवारणाचे मोल तिजोरीच्या मापाने ठरू लागले की उपचार आणि शिस्त यांतील रेषा पुसट होते.

महाराष्ट्रानेही यातून सावध व्हावे. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावी, गरज असेल त्याला उपचारापर्यंत पोहोचवावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे आणि तिने एक जरी जीव वाचला तरी ती सार्थ आहे. परंतु कापसाचा भाव, सावकाराचे व्याज आणि कोरडी विहीर यांना समुपदेशनाचे उत्तर असू शकत नाही. भाव मागणाऱ्याला समुपदेशन देणे, ही त्याची थट्टा होईल. आणि खचलेल्याला समुपदेशन नाकारून भावाच्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत थांबावयास सांगणे, ही क्रूरता होईल.

चळवळीचा दोष

ही दुसरी क्रूरता चळवळीच्या अंगवळणी पडलेली आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मनाच्या आजाराला मध्यमवर्गीय चोचले समजणे, खचलेल्या सोबत्याला ‘निष्ठा ढळली’ असे म्हणणे, समाज बदलला की मनेही बदलतील असे सांगून विषय मिटविणे, हे प्रकार सर्व डाव्या पक्षांत आढळतात. पूर्णवेळ कार्यकर्त्याची मिळकत अनिश्चित, घरच्यांचा रोष नित्याचा आणि पराभव वारंवार. बाहेरच्या जगाला धीर देणाऱ्या माणसाला स्वतःचे दुःख सांगावयास जागा नसते. ब्राउन व हॅरिस यांच्या यादीतील पहिली उणीव, मन मोकळे करावे असे माणूस नसणे, ही गर्दीत वावरणाऱ्या कार्यकर्त्याच्या वाट्यालाही येते. ‘परिस्थितीच कारण’ हे उत्तर बरोबर असले तरी समोर बसलेल्या माणसाला त्याचा आज रात्री काही उपयोग नसतो.

शिवाय ‘सारे परिस्थितीमुळे’ या वाक्यातही असहायतेचा एक धडा लपलेला आहे. ‘सारे माझ्यामुळे’ असे म्हणणारा जितका निष्क्रिय होतो, तितकाच ‘सारे व्यवस्थेमुळे, आणि व्यवस्था तर अजस्र’ असे म्हणणाराही होऊ शकतो. अब्रॅमसन यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर, कारण बाहेर शोधले एवढ्याने भागत नाही. ते कारण बदलण्याजोगे आहे याचा अनुभव यावा लागतो.

सत्ता ही शिकण्याची गोष्ट

याच ठिकाणी विज्ञानाने अलीकडे दिलेले एक वळण महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रयोगांना पन्नास वर्षे होत आली असता, २०१६ मध्ये मायर व सेलिगमन यांनी आपलाच सिद्धान्त उलटा केला. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूवर दीर्घ संशोधन केले होते. त्यातून असे दिसून आले की, दीर्घकाळ चाललेल्या आघातापुढे निपचित पडून राहणे ही गोष्ट शिकावी लागत नाही. ती मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावी लागते ती सत्ता. केलेल्या कृतीने आघात थांबतो हे मेंदूच्या पुढच्या भागाला उमगले की तो त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो, आणि एकदा घातलेला हा आवर पुढच्या आघातातही टिकून राहतो. असहायता शिकलेली नसून, सामर्थ्य हे शिकलेले असते.

जुन्या प्रयोगांतील दोन तपशील या प्रकाशात नव्याने अर्थपूर्ण होतात. ज्या कुत्र्यांना आधी धक्के थांबविण्याचा अनुभव मिळाला होता, ते नंतर निरुपाय धक्क्यांनीही खचले नाहीत. आणि जे खचले होते, ते चुचकारून वा आमिष दाखवून उठले नाहीत. त्यांना दोरीने ओढून पुन्हा पुन्हा अडसर ओलांडायला लावावे लागले, तेव्हा कोठे ते आपणहून उडी मारू लागले. माणसाला दोरीने ओढावयाचे नसते, हे सांगणे नको. पण शब्दाने जे साधत नाही ते यशस्वी कृतीच्या लहानशा अनुभवाने साधते, हा बोध दोघांनाही लागू आहे. जेकबसन यांच्या रुग्णांचा अनुभवही हाच होता.

या बोधाचा उत्तम उपयोग गोव्यात झाला. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते की मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. थोड्या आठवड्यांच्या प्रशिक्षणाने तयार केलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी रुग्णाला झेपेल अशा कामाकडे, नात्यागोत्याकडे, अडचणीच्या सोडवणुकीकडे पावलापावलाने परत आणले. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार ज्या देशात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत कोणताच उपचार पोहोचत नाही, तेथे या आकड्यांचे मोल किती हे सांगावयास नको.

यातून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. पहिले शासनाकडे मागण्याचे : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक हवा, आशा कार्यकर्तीला या वाढीव कामाचे वाढीव वेतन हवे, उपचारांना भत्त्याची वा कर्जमाफीची अट जोडता कामा नये, आणि रोजगारहमी, रास्त भाव व निवृत्तिवेतन ही मानसिक आरोग्याचीच साधने मानली जावीत. दुसरे चळवळीने स्वतः करण्याचे : शाखेत कोणी गप्प झाला, येईनासा झाला, तर त्याच्या निष्ठेची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या झोपेची, भुकेची आणि घरची चौकशी करावी, उपदेश न करता ऐकावे, जीव नकोसा झाल्याची भाषा कानी आली तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही उपलब्ध आहे, हे प्रत्येक कार्यालयातील भिंतीवर लिहून ठेवावे.

आणि लढे असे आखावेत की त्यांतील काही जिंकता येतील. रेशन दुकान वेळेवर उघडावयास लावणे, थकलेली मजुरी वसूल करणे, वस्तीत पाण्याचा नळ आणणे, ही कामे क्रांतीच्या तराजूत हलकी वाटतात. परंतु केलेल्या कृतीने जग तसूभर तरी हलते, हा अनुभव ज्याला आयुष्यात कधीच मिळालेला नाही, त्याच्या मनात मोठ्या परिवर्तनाची आशा कोठून उगवणार? मारिएन्टालच्या कामगारांना कोणी तर्कशुद्ध विचार शिकविला असता तर ते न खचते, असे म्हणता येत नाही. तसेच ते केवळ बेकारीने आपोआप उठले असते, असेही नाही. त्यांना पंधरा शिलिंग हवे होते, आणि ते पंधरा शिलिंग संघटित होऊन मिळवता येतात याचा अनुभवही हवा होता.